एस्टावर आलेय, नवरा सिटिझन आहे, मग इथूनच ग्रीन कार्डचं भरू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही मूळच्या फोंड्याच्या, आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, सात-आठ वर्षं इंग्लंडात स्विंडनला नोकरी. नवरा कोल्हापूरचा, आता अमेरिकन सिटिझन, एडिसनला राहतो. लग्न मागच्या वर्षी कोल्हापुरात झालं. यंदा गणपतीला एस्टावर, म्हणजे व्हिसा न घेता ऑनलाईन परवानगी काढून नव्वद दिवसांसाठी, त्याच्याकडे आलात, परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि इथे तिसऱ्या आठवड्यात कळलं की दिवस गेलेत, त्यात डॉक्टरीणबाईंनी सध्या लांबचा विमानप्रवास नको म्हणून ठणकावलं. 90 पैकी 41 दिवस गेले. चुलत दीर म्हणतो इथूनच फॉर्म भर, सगळे भरतात. नवऱ्याच्या ऑफिसातली एक बाई म्हणते हे फ्रॉड आहे, कायमचा बॅन लागेल.

दोघांनाही अर्धंच माहितीये. मी न्यू जर्सीत एकवीस वर्षं इमिग्रेशनचं हेच काम करतोय, आणि या एका प्रश्नावर जितकं ऐकीव ज्ञान फिरतं तितकं दुसऱ्या कशावरच नसेल.

आधी कायदा. व्हिसा वेव्हरवर, म्हणजे एस्टा काढून, आलेल्या माणसाला अमेरिकेत बसून ग्रीन कार्डला अर्ज करता येत नाही, हा नियम. आणि त्याला एक मोठा अपवाद, तो म्हणजे सिटिझनचे जवळचे नातेवाईक, त्यात नवरा-बायको, एकविसाच्या आतली अविवाहित मुलं, आणि सिटिझन मुलगा किंवा मुलगी एकवीस वर्षांची झालेली असेल तर आईवडील. तुम्ही त्यात बसता. पण इथे सिटिझन म्हणजे सिटिझनच हं, पासपोर्टवाला. आपल्याकडे "तो आता तिकडचाच झालाय" असं म्हणतात आणि त्यात ग्रीन कार्डवाला पण येतो आणि सिटिझन पण येतो. नवरा नुसता ग्रीन कार्डवर असता तर हे उत्तर मी दोन ओळीत संपवलं असतं की ताई, दार बंद आहे, नव्वद दिवसांच्या आत परत जा. माझ्याकडे एक जोडपं असं आलं होतं, सगळे फॉर्म स्वतः भरलेले, अगदी सुरेख फाईल, रंगीत सेपरेटर वगैरे, आणि नवऱ्याच्या सिटिझनशिपची शपथ अजून सहा आठवड्यांवर. मी ती फाईल तशीच परत हातात दिली.

अजून एक गैरसमज काढून टाकतो, जन्म भारतातला म्हणजे ती पंधरा-वीस वर्षांची रांग लागणार अशी तुम्हाला भीती आहे. ती रांग नोकरीवाल्यांची आणि भावाबहिणींची. सिटिझनच्या बायकोला कोटाच नाही, जन्म फोंड्याचा असो की लिस्बनचा.

आता तो भाग जो कोणी सांगत नाही. एस्टाचा फॉर्म ऑनलाईन भरताना शेवटी एक चौकोन येतो, त्यावर आपण सगळेच न वाचता टिक करतो. त्या टिकने तुम्ही लिहून दिलंय की एअरपोर्टवरच्या ऑफिसरच्या निर्णयावर मी अपील करणार नाही आणि पुढे मला देशाबाहेर काढायचं ठरलं तर असायलम (मायदेशी छळाची भीती म्हणून मागितलेला आश्रय) सोडून बाकी कुठल्याही मुद्द्यावर मी भांडणार नाही. पूर्वी हेच विमानात हिरव्या कागदावर सही करून द्यायचे, आता ते स्क्रीनवर गेलं एवढंच. आता हे बघा, भारतीय पासपोर्टवर बी-2, म्हणजे टुरिस्ट व्हिसा घेऊन आलेली तुमची मैत्रीण असेल आणि तिचा अर्ज नामंजूर झाला तर तिला इमिग्रेशन जज समोर उभं राहता येतं, तिथे तोच अर्ज पुन्हा मांडता येतो. तुम्हाला तो जज नाही. अर्ज मंजूर झाला तर काहीच फरक पडत नाही, दोघींना सारखंच कार्ड मिळतं, पण नामंजूर झाला तर तुमच्या पायाखाली दुसरी पायरी नाही. म्हणून मी बी-2 वाल्याच्या फाईलमध्ये एखादा कागद मागाहून देऊ म्हणतो आणि एस्टावाल्याच्या फाईलमध्ये म्हणत नाही.

यावर कोर्टात भरपूर झालंय. 2006 साली नवव्या सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे काही राज्यांचं मिळून एक फेडरल अपील कोर्ट) कार्ला फ्रीमन यांची केस झाली, त्या इटालियन पासपोर्टवर व्हिसा वेव्हरने आलेल्या, सिटिझन नवऱ्याशी लग्न, अर्ज वेळेत भरला, आणि अर्ज पेंडिंग असताना नवरा कार अपघातात गेला. सरकार म्हणालं आता तुम्ही बायको नाही आणि तुम्ही हक्क सोडलेत तेव्हा चला. कोर्ट म्हणालं, नव्वद दिवसांच्या आत नीट अर्ज भरला की त्या अर्जाच्या प्रक्रियेचे हक्क मिळतात. पण त्याच सर्किटने 2008 मध्ये मोमेनी केसमध्ये सांगितलं की नव्वद दिवस उलटून गेल्यावर भरलेल्या अर्जाला हे लागू नाही. आणि न्यू जर्सी ज्यात येतं त्या तिसऱ्या सर्किटने 2010 च्या ब्रॅडली केसमध्ये ओव्हरस्टे झाल्यावर, म्हणजे मुदत उलटल्यावर, रिमूव्हलच्या म्हणजे देशाबाहेर काढायच्या वेळी ग्रीन कार्डच्या अर्जाची ढाल पुढे करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं. मग 2013 च्या नोव्हेंबरमध्ये यूएससीआयएसने, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या खात्याने, स्वतःच्या ऑफिसरांना मेमो काढला की मुदत संपल्यावर भरलेले असे अर्जही साधारणपणे गुणदोषावर तपासा, रिमूव्हलची ऑर्डर वगैरे निघाली नसेल तर. तुमचा दीर जे "सगळे भरतात" म्हणतो ते या मेमोच्या जिवावर, आणि खरंय, बारा वर्षं मुदतीनंतर भरूनही पुष्कळांना कार्डं मिळाली, माझ्याही हातून गेली. पण मेमो म्हणजे कायदा नव्हे. 2025 च्या शेवटी सॅन दिएगोला ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला गेलेल्या सिटिझनच्या बायका-नवऱ्यांना मुदत संपलेली आहे म्हणून तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून मी नव्वदच्या पुढच्या कुठल्याच अर्जाला "काही होत नाही हो" म्हणणं सोडलंय.

तेव्हा तुमच्याकडे 49 दिवस आहेत असं नाही, मी तुमच्या जागी असतो तर 30 आहेत असं धरलं असतं. कारण मुदत मोजतात ती अर्ज त्यांच्या हातात पोचला त्या तारखेला, तुम्ही पोस्टात टाकला त्या तारखेला नाही, आणि काही चुकलं म्हणून पाकीट परत आलं तर ते भरलंच नव्हतं असं धरतात. पाकीट परत यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. आजच सीबीपीच्या, म्हणजे एअरपोर्टवर तपासणाऱ्या खात्याच्या, साईटवर जाऊन आय-94 ची, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीची, प्रिंट काढा, त्यावर डब्ल्यूटी (व्हिसा वेव्हरवरचा टुरिस्ट) असं लिहिलेलं असेल आणि शेवटची तारीख असेल, ती फ्रिजवर लावा. तिकिटावरची तारीख नाही, मनातल्या मनात केलेला हिशोब नाही, ती तारीख. आणि मध्ये टोरांटोला मावशीकडे दोन दिवस जाऊन आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरा, कॅनडा-मेक्सिकोची चक्कर त्याच नव्वदात मोजतात. मुदतवाढही नाही, अगदीच इमर्जन्सी असली तर परत जायला तीस दिवसांपर्यंत जास्तीचे देतात, पण ते जाण्यासाठी, राहण्यासाठी नाही.

आता ऑफिसातल्या बाईंचा मुद्दा, फ्रॉडचा. इथे मात्र तुम्ही स्वतःशी खरं बोला, मला सांगायची पण गरज नाही. नेवार्क एअरपोर्टवर काउंटरवरच्या ऑफिसरने विचारलं असणार की कशासाठी आलात, किती दिवस, कोणाकडे. तुम्ही काय सांगितलंत? "नवऱ्याकडे आलेय, सहा आठवडे, मग नोकरीवर परत" असं सांगितलं असेल आणि तेव्हा ते खरं असेल तर प्रश्नच नाही, नंतर परिस्थिती बदलली, माणसाची बदलते. पण "मैत्रिणीकडे आलेय" असं सांगून नवरा लपवला असेल, तर ते खोटं विधान, आणि इमिग्रेशनचा फायदा मिळवायला जाणूनबुजून खोटं बोलल्याचं ठरलं तर तो डाग आयुष्यभराचा, त्यावर वेगळा माफीचा अर्ज करावा लागतो आणि सिटिझन नवऱ्याला भयंकर त्रास होईल हे सिद्ध करावं लागतं. नुसतं मनात कुठेतरी "राहता आलं तर बरं" असणं आणि तोंडाने खोटं बोलणं यात कायदा फरक करतो. 1980-81 च्या सुमाराचे इमिग्रेशन अपील बोर्डाचे कावाझोस आणि इब्राहिम हे दोन निर्णय आहेत, त्यांचा अर्थ असा की जवळच्या नातेवाइकाच्या अर्जात आधीपासून इरादा होता एवढ्याच एका कारणावर सहसा नकार देऊ नये. खोटेपणाला हे निर्णय वाचवत नाहीत.

ती 90 दिवसांची जी दुसरी भानगड ऐकली असेल, आल्यावर नव्वद दिवसांत लग्न केलं किंवा अर्ज केला की खोटं धरतात वगैरे, ती परराष्ट्र खात्याच्या वकिलातींसाठीची फूटपट्टी आहे, 2017 पासूनची. यूएससीआयएसवर ती बंधनकारक नाही, आणि मुळात त्या नव्वदचा आणि तुमच्या एस्टाच्या नव्वदचा काही संबंध नाही, आकडा सारखा आलाय म्हणून लोक गोंधळतात. कित्येक जण ते ऐकून "आधी नव्वद दिवस जाऊ देऊ मग भरू" असं करतात आणि एस्टाची मुदत घालवून बसतात. हे मी दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी कपाळाला हात लावतो.

तुमच्या बाजूने कागद बोलतात. परतीचं तिकीट, स्विंडनच्या कंपनीचं रजेचं पत्र, घराचं भाडं चालू असल्याचं स्टेटमेंट, आणि मग इथल्या डॉक्टरांची तारीख असलेली सोनोग्राफी आणि प्रवास नको असं लिहिलेली चिठ्ठी. हे सगळं ठेवा, विचारलं तर दाखवायचं. न विचारता दहा पानी कबुलीजबाब जोडायचा नाही.

हेच तुम्ही स्विंडनला बसून विचारलं असतं की एस्टावर येऊन तिथेच भरू का, लवकर होतं ना, तर मी नाही म्हणालो असतो. तेव्हा रस्ता सरळ आहे, नवरा इथून आय-130, म्हणजे बायकोसाठीचा नातेवाइकाचा अर्ज, भरतो, मग ते नॅशनल व्हिसा सेंटरमार्फत लंडनच्या वकिलातीत जातं, तिथे इंटरव्ह्यू, आणि तुम्ही उतरता त्या दिवशीच ग्रीन कार्डधारक. वर्ष-दीड वर्ष जातं, वेगळं राहावं लागतं, त्रास आहेच. पण खोटं बोलायची वेळ येत नाही.

आता भरायचं कसं. आय-130 आणि त्यासोबत त्याची पुरवणी 130ए, ग्रीन कार्डचा मुख्य अर्ज आय-485, नवऱ्याचं तुमच्या खर्चाच्या हमीचं आय-864, कामाच्या परवान्यासाठी आय-765, प्रवासाच्या परवान्यासाठी आय-131, आणि मेडिकलचं आय-693, सगळं एकाच पाकिटात. 2024 च्या एप्रिलपासूनच्या दराने कागदावर भरलं तर 130, 485, 765 आणि 131 चे अनुक्रमे 675, 1440, 260 आणि 630, मिळून 3005 डॉलर. 2025 च्या ऑक्टोबरअखेरपासून चेक घेत नाहीत, कार्डाचा किंवा बँक खात्याचा फॉर्म जोडावा लागतो, प्रत्येक अर्जाला वेगळा. कार्डाची मर्यादा आधी बघा, बँकेला फोन करून ठेवा. एका क्लायंटचं पेमेंट बँकेने संशयास्पद म्हणून अडवलं आणि अख्खं पाकीट परत आलं, तो बी-2 वर होता म्हणून निभावलं.

मेडिकल सगळ्यात आधी बुक करा. 2024 च्या डिसेंबरपासून ते 485 सोबतच लागतं, नाहीतर अर्ज परत येऊ शकतो. कुठलाही डॉक्टर चालत नाही, यूएससीआयएसने नेमलेला सिव्हिल सर्जन लागतो, नावाला सर्जन, असतो बहुतेक फॅमिली डॉक्टरच, एडिसन-इझलिनला आपले देशी पण आहेत. पोटुशी आहात हे फोनवरच सांगा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, फॉर्मवर तसा रकाना आहे, डॉक्टर तिथे खूण करतो आणि अर्ज अडत नाही. टीबीसाठी रक्ततपासणी करतात, लहानपणीच्या बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही, पण आपल्याकडे वाढलेल्यांची बऱ्याचदा येते, मग छातीचा एक्स-रे सांगतात, तो पोटावर शिशाचं कव्हर टाकून काढतात. सुप्त टीबी निघाला म्हणून ग्रीन कार्ड नाकारत नाहीत, घाबरू नका, फक्त एक-दोन आठवडे वाढतात. डॉक्टर शेवटी सीलबंद पाकीट देतो, ते उत्सुकतेने फोडायचं नाही, तुमची वेगळी कॉपी मागून घ्या.

नावाचं प्रकरण. हे फक्त आपल्या लोकांतच होतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, पत्रिकेत एक नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव मधे घालून दुसरं, पोर्तुगीज पासपोर्टवर आईवडील दोघांची आडनावं आणि गोव्याच्या जन्मदाखल्यावर नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. अमेरिकन ऑफिसरला या चार वेगळ्या बायका वाटतात. फॉर्मवर "पूर्वी वापरलेली इतर नावं" असा रकाना असतो त्यात ही सगळी लिहा, तांदळातलं पण, जर ते कुठल्याही कागदावर आलं असेल तर. मराठी किंवा पोर्तुगीज कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही लागते की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे, नोटरी लागत नाही. तुम्ही स्वतः किंवा नवऱ्याने करू नये, शेजारची काकू चालते.

लग्न खरं आहे हे दाखवायला दोनशे फोटो लागत नाहीत. पंधरा पुरेत, पण वेगवेगळ्या काळातले, नातेवाइकांसकट. त्यापेक्षा बँकेच्या खात्यावर दोघांची नावं, लीजवर तुमचं नाव, विम्यात नॉमिनी, एकमेकांकडे केलेल्या विमानप्रवासाच्या पावत्या. मूल येतंय हा कागद तर सगळ्यात बोलका.

नवऱ्याची कमाई: 2025 च्या आकड्यांनी दोघांच्या घराला वर्षाला 26,437 डॉलर लागत होते, त्याला अडचण नसावी. कमी पडली आणि त्याचा मामा जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे हमीत भागीदार, व्हायला तयार असेल तर मामाला नीट समजावून सांगा की ही सही घटस्फोटानेही सुटत नाही, तुम्ही सिटिझन होईपर्यंत किंवा कामाचे साधारण दहा वर्षांचे क्वार्टर भरेपर्यंत ती मानेवर राहते.

अर्ज पोचला की पावती येते, मग बोटांचे ठसे, मग इंटरव्ह्यू. मधल्या काळात दोन गोष्टी अजिबात नाहीत. एक, परवाना हातात येण्याआधी काम, स्विंडनच्या कंपनीचं लॅपटॉपवरचं काम सुद्धा, त्यावर मतं वेगवेगळी आहेत पण तुम्ही प्रयोगाचा उंदीर होऊ नका, बिनपगारी रजा घ्या. दोन, प्रवासाचा परवाना येण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं की 485 सोडून दिला असं धरतात. घरी फोंड्याला कोणाचं काही झालं तरी जाता येणार नाही हे आजच आईला सांगून ठेवा. हे ऐकायला कठोर वाटतं, पण स्मशानातून परत आलेल्या माणसाला अर्ज संपला म्हणून सांगणं मी एकदा केलंय, पुन्हा नाही करायचं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं मिळतं, ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-751 भरून पक्कं करायचं. इंग्लंडचं सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क, सलग पाच वर्षं बाहेर राहिलं की जातं, तेवढी नोंद मनात ठेवा.

वकील घ्यायचाच का असं विचारलंय. साध्या फाईलला मी स्वतःच नाही म्हणतो, लोक स्वतः भरतात आणि चांगलं भरतात. तुमच्या फाईलला हो म्हणेन, पूर्ण केस नको असेल तर निदान पाकीट बंद करण्याआधी तासभर कोणाला तरी दाखवा, कारण वर सांगितलं तसं, तुम्हाला दुरुस्तीचा जज नाही. आणि एअरपोर्टवर जे बोललात त्यात काही कमीजास्त असेल तर ते बंद खोलीत वकिलालाच सांगा, दिराला नाही.

शेवटचं, आईला बाळंतपणाला बोलवायचं विचारलंत. त्यांचाही पासपोर्ट पोर्तुगीज आहे म्हणजे त्याही एस्टावरच येणार, नव्वद दिवस, त्यात वाढ नाही. काउंटरवर सरळ सांगायचं की लेकीच्या बाळंतपणाला आलेय आणि अमुक तारखेला परत जाणार. त्यांना आठव्या महिन्यात बोलावू नका, हौसेने लवकर येतात आणि बारशाच्या सुमाराला निम्मे दिवस संपलेले असतात. नवव्याच्या मध्यावर तिकीट काढा, म्हणजे सव्वा महिना धरूनही पुढे महिनाभर त्या बाळाजवळ राहतील.